लोणार सरोवर : वैज्ञानिक संशोधन

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्केच्या आघाताने झालेल्या विवरातील खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरावर भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पुराहवामानशास्त्र या अंगांनी झालेले संशोधन. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी., तर काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मी. आहे. बसाल्ट खडकात झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघात विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बसाल्टचा असल्याने ग्रहविज्ञानात लोणारला मोठे मोल आहे. शासनाने सरोवर परिसराला २००० साली वन्यजीव अभयारण्याचा दर्जा दिला. २०२० साली सरोवर रामसर यादीत आले. महाराष्ट्रातले हे नांदूर मधमेश्वरनंतरचे दुसरे रामसर स्थळ.

सरोवराची पहिली आधुनिक नोंद १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. त्याआधी ‘ऐने अकबरी’त येथील क्षाराचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षार बसत आणि लोक तो गोळा करून विकत. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याच्या प्रकारांची गावातली नावे जुन्या सरकारी अहवालांतही उतरली आहेत. सगळीकडे दख्खनचा लाव्हाच असल्यामुळे हा खड्डा ज्वालामुखीचाच, असे दीर्घकाळ मानले गेले. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ साली अ‍ॅरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य ओळखले, पण दोन्हींचे मूळ ज्वालामुखीतच शोधले. वादाचा निकाल लागला तो १९७३ साली. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात वेधनातून मिळालेल्या खडकांचा पुरावा मांडला. त्यात मॅस्केलिनाइट होते. हे फेल्डस्पार न वितळता केवळ धक्क्याच्या दाबाने काचेसारखे झालेले असते. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, आतली रचना मात्र मोडते. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही.

वयाचा प्रश्न अधिक चिवट ठरला. तप्तदीपन पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ साली आघातात वितळलेल्या काचेवरील आरगॉन मापनातून ते सुमारे ५.७ लाख वर्षे निघाले, म्हणजे जवळजवळ अकरा पट. आज हे दुसरे मापनच अधिक विश्वासार्ह धरायला हवे. पर्यटकांसाठीच्या मजकुरात ५२,००० चा आकडा अजून सर्रास दिसतो. तो बदलणे गरजेचे आहे.

सरोवराच्या तळातला गाळ ही पावसाची वही आहे. भारतीय व जर्मन संशोधकांनी काढलेल्या सुमारे १० मी. लांबीच्या गाभ्यात जवळपास ११,००० वर्षांचा इतिहास सापडला. त्यातले गेलुसाइटचे स्फटिक विशेष बोलके आहेत. सोडियम व कॅल्शियमचे हे सजल कार्बोनेट पाणी खूप आटून दाट झाले तरच तयार होते. त्यामुळे ज्या थरात ते सापडते, तो काळ कोरडा होता असे समजते. या आधारे २०१४ साली दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ दाखवण्यात आले : पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. विदर्भाच्या पावसाची इतकी लांब नोंद दुसऱ्या साधनाने मिळणे अवघड आहे.

पाणी अल्कधर्मी होण्याचे कारण साधे आहे. झरे आणि पाऊस पाणी आत आणतात, पण बाहेर पडायला वाट नाही. बाष्पीभवन होत राहते, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसते आणि सोडियमचे क्षार साठत जातात. पाण्याचा सामू १० च्या आसपास जातो. एवढ्या खारात जगणारे सूक्ष्मजीव हाच प्रादेशिक विद्यापीठांच्या कामाचा गाभा राहिला आहे.

लोणार ज्याच्या कार्यक्षेत्रात येते ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. विद्यापीठाच्या पदव्युत्तर सूक्ष्मजीवशास्त्र विभागात डी. एच. तांबेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोणारच्या पाण्यातून व गाळातून जिवाणू वेगळे करून त्यांची विकरे तपासली. अशा कामाची रीत अशी : सोडियम कार्बोनेट घालून सामू वाढवलेल्या आगर माध्यमावर नमुना पसरतात. स्टार्च असलेल्या ताटलीत वसाहती वाढल्यावर आयोडीन ओततात. सारी ताटली निळी-काळी होते, पण ज्या वसाहतीने स्टार्च पचवला तिच्याभोवती स्वच्छ वलय उरते; तेथे अमायलेज आहे. साबणपूड आणि चामड्याच्या उद्योगाला अल्कधर्मी पाण्यातही टिकणारी विकरे लागतात. जपानच्या कोकी होरिकोशी यांनी हे क्षेत्र जगभर उभे केले. महागडी यंत्रे नसलेल्या प्रयोगशाळेलाही ही वाट खुली आहे, आणि ती चोखाळली गेली हे महत्त्वाचे. लोणार अमरावतीपेक्षा छत्रपती संभाजीनगरला जवळ असल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातूनही सरोवरावर अभ्यास झाले.

पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र व आघारकर संशोधन संस्था यांनी जनुकीय आणि संवर्धनाच्या पद्धतींनी ही विविधता मांडली. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने नव्या प्रजाती वर्णिल्या. त्यांतील ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’च्या नावात संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे आणि गाव दोन्ही आहेत.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला. क्षारता वाढल्याने क्षारप्रिय आर्किया वाढले व त्यांच्या रंगद्रव्याने रंग आला, असे आघारकर संस्थेला दिसले. हे जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ होते. अलीकडच्या वर्षांत उलटी चिंता आहे : पातळी वाढून पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आले आहे. गोडे पाणी वाढले की खार उतरतो आणि खारावर जगणारे जीव मागे हटतात. हा बदल टिपायला ठरलेल्या जागी, ऋतूमागून ऋतू सामू आणि क्षारता मोजावी लागते. दूरच्या संस्थेची तुकडी अधूनमधून येते; जिल्ह्यातली महाविद्यालये मात्र हे काम वर्षानुवर्षे करू शकतात. जिवाणूच्या नव्या प्रजातीचा मूळ नमुना किमान दोन देशांतील संग्रहांत जपणे नियमानेच बंधनकारक असते. महाविद्यालयीन प्रबंधांतल्या जिवाणूंना तसा नियम नाही; त्यामुळे तेही संग्रहात ठेवले, तर खार उतरण्यापूर्वीचे लोणार तपासायला उपलब्ध राहील.