ओळखीचं पाणी

हिमस्खलन हा शब्द आम्हा इंदापूर-बारामतीकरांना फक्त वर्तमानपत्रात भेटायचा. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत एक फलटणपलीकडच्या माण तालुक्यातला होता, आणि तो शब्द एकदम घराजवळ आला.

जवान हुकमाने जातो. पण हौसेने बर्फात जाणारे का अडकतात? इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने ७१५ हिमस्खलन-अपघात तपासून २००४ साली एक गोष्ट मांडली. धोक्याच्या खुणा समोर असूनही माणसं पुढे जातात, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे ओळखीची जागा. ओळखीच्या उतारावर चांगली शिकलेली माणसंही नवख्यांइतकाच धोका पत्करताना त्यांना दिसली.

हे वाचलं आणि मला उजनी आठवली.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. पळसदेवच्या जुन्या देवळासकट कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पूर्वी नदी ओलांडून जायचं ते सोयरं आता फुगवट्याच्या पलीकडे राहिलं. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, म्हणून लोक होडीत बसू लागले. बघता बघता पाणी ओळखीचं झालं.

साधारण १९८८ ची गोष्ट. मे महिना, दुपार टळलेली. करमाळ्याकडच्या एका लग्नाला आम्ही पाच-सहा शिक्षक निघालो होतो. होडीवाल्याने आभाळाकडे पाहिलं आणि होडी काढायला नकार दिला.

मी चिडून म्हणालो, "अहो, रोजचंच पाणी आहे ना?"

"पाणी रोजचं हाय गुरुजी, वारं रोजचं नाय."

लग्न चुकलं. आणि गंमत म्हणजे वादळ आलंच नाही! चार थेंब पडले, आभाळ निवळलं. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा 'भित्रा नावाडी' म्हणून शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत असे. सगळे हसत.

३० एप्रिल २०१७ ला अजोती गावाजवळ होडी उलटून चार डॉक्टर बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. त्या दिवसापासून तो किस्सा मी सांगितलेला नाही.

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायचो की जे घडलं त्याचाच इतिहास होतो. आता वाटतं, यात एक उणीव आहे. मागे फिरण्याच्या निर्णयाला पुरावा कधीच मिळत नाही. बर्फ कोसळला नाही, होडी उलटली नाही, की शहाणपण भित्रेपणासारखं दिसतं. आणि दहा वेळा धोका पत्करून सुखरूप पोहोचलेला माणूस त्यालाच अनुभव म्हणतो.

म्हणून वाचकहो, एवढंच करा. निघण्यापूर्वीच ठरवा, काय दिसलं तर परत फिरायचं. वळवाचं आभाळ उठलं, वारं फिरलं, अंगात घालायला लाइफ जॅकेट नसलं, की थांबायचं. काठावर उभं राहून वाद घालायचा नाही. आणि कुणी 'नको' म्हटलं, तर त्याला हसू नका.

तो होडीवाला आता हयात नाही. त्याची माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.