टकळी, चऱ्हाट आणि कादंबरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललेलंच आहे, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ गाळलेत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. टकळी म्हणजे हाताने सूत कातायची छोटी चाती. एक काडी, खाली चकती, झालं. पण आपण हा शब्द वापरतो कुठे? ‘काय टकळी चालू आहे मघापासून!’ चऱ्हाट म्हणजे दोर, जाड, लांबच लांब. आणि कोणी गोष्ट सांगता सांगता लांबण लावली की ‘लावलं ह्याने चऱ्हाट’. इंग्रजीत सूत कातणं आणि गोष्ट रचणं यांची सांगड आहे याचं फार कौतुक होतं, पण मराठीतही ती आहेच. फरक एवढाच की मराठीत ती तक्रार आहे. कातणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला आपली भाषा एकच प्रश्न विचारते: कधी संपणार, आणि याचा उपयोग काय?

मला हा प्रश्न दर आठवड्याला ऐकू येतो. दिवसा मी कोड लिहितो, रात्री कथा लिहितो, आणि या दोन्हींच्या मध्ये लोकर कातून विणतो. ‘विकतोस का?’ हा पहिला प्रश्न. ‘नाही’ म्हटलं की ‘मग?’ हा दुसरा. या ‘मग?’चं उत्तर आपल्या इतिहासात कोणी दिलंय का, हे शोधायला मी लांब गेलो नाही. मुळशी तालुक्यातून सुरुवात केली, कारण मी तिथेच राहतो. (हिंजवडी, माण हे सगळं मुळशी तालुक्यातच येतं. काचेच्या इमारतींकडे बघताना ते कोणाच्या लक्षात राहत नाही.)

आता गंमत बघा. मुळशी हा कापसाचा मुलूखच नाही. पाऊस प्रचंड, शेती भाताची. इथल्या पावसात माणूस उभा राहायचा तो इरल्याखाली किंवा घोंगडी पांघरून. इथे हाताने वळला जायचा तो दोर, अंबाडीचा नाहीतर घायपाताचा. म्हणजे चऱ्हाट अगदी घरचं. घोंगडी मात्र पूर्वेकडच्या कोरड्या पठारावरच्या दख्खनी मेंढीची. धनगरांनी मेंढ्या राखायच्या, लोकर कातरायची, घरच्या बायकांनी कातायची आणि मागावर विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची. ती लोकर आखूड आणि राठ असते. अंगाला टोचते, पण पाणी लवकर आत येऊ देत नाही.

अशा मुलखात १९२१ साली महिनाभराच्या आत दोन गोष्टी पोचल्या. ३१ मार्चला काँग्रेसने बेझवाड्याला ठराव केला: एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. आणि १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही त्यातली नावं. मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि शेवटी गेल्याच. तो इतिहास मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करू. आज मला त्यातला येरवड्याचा तुरुंग हवा आहे.

मुळशीचे सत्याग्रही येरवड्यात होते तेव्हा गांधीजीही तिथेच होते, मार्च १९२२ पासून १९२४ च्या सुरुवातीपर्यंत. त्यांना स्वतःचा चरखा मिळावा म्हणून आग्रह धरावा लागला. मग दिवसाचे कित्येक तास कताई आणि उरलेल्या वेळात वाचन-लेखन असा क्रम बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी तिथेच लिहायला घेतला. त्याच भिंतींआड मुळशीचे कैदी मात्र जात्यावर दळत होते. दळण कमी भरलं म्हणून त्यांना फटके बसले, आणि त्यावरून गांधीजींनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. हातांना एकसुरी काम दोघांनाही होतं. एकाने ते मागून घेतलं होतं, दुसऱ्यावर ते लादलं होतं. मला हा फरक फार मोठा वाटतो. हातकामाबद्दल हल्ली जे गोड गोड बोललं जातं त्यात जात्यावरचे ते हात कुठेच नसतात.

अजून एक. कातणं हे तोवर बायकांचं काम होतं. गांधीजींनी ते वकिलांना, डॉक्टरांना, संपादकांना करायला लावलं, तेही चारचौघांत. पुरुषांनी भर सभेत बसून सूत काढायचं, ही त्या काळातली अतिशय विचित्र गोष्ट असणार. लोकलमध्ये मी सुया काढल्या की जे होतं त्यावरून मला थोडा अंदाज आहे.

पण मागून घेतलेल्या कामाचंही लवकरच मोजमाप सुरू झालं. डिसेंबर १९२४ च्या बेळगावच्या अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरली. महिन्याला २००० वार. स्वतः काता नाहीतर दुसऱ्याकडून आणून द्या. वर्षभरातच ही अट सैल करावी लागली. आश्रमातला रोजचा हिशेब होता १६० तार. एक तार चार फुटांची, ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे रोज पाव गुंडी. याला नाव होतं सूत्रयज्ञ.

आणि मग माझ्यासारख्याला खिळवून ठेवणारी गोष्ट येते. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, सुधारित चरख्यासाठी. अटी वाचल्यावर मला एखादं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचतोय असं वाटलं. यंत्र हलकं, झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. किंमत १५० रुपयांच्या आत. आठ तासांत १६,००० फूट सूत, १२ ते २० नंबरचं. एका बाईला आठ तास सलग फार श्रम न होता चालवता आलं पाहिजे. आता हिशेब करा: ताशी २००० फूट. बेळगावची महिन्याची वर्गणी, २००० वार म्हणजे ६००० फूट, या यंत्रावर तीन तासांत संपली असती.

या बक्षिसासाठी एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातून झाला. काळे नावाच्या कारागिराने किर्लोस्करवाडीत यंत्र तयार केलं. ते परीक्षकांच्या अटींत बसलं नाही आणि लाखाचं बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण किर्लोस्करवाडी हे ठिकाण लक्षात ठेवा. लोखंडी नांगरांचा हा कारखाना १९१० पासूनचा, आणि तिथूनच ‘किर्लोस्कर’, १९३० पासून ‘स्त्री’ आणि नंतर ‘मनोहर’ ही मासिकं निघायची. म्हणजे सूत कातायचं यंत्र आणि मराठी कथा, दोन्ही एकाच गावातून बाहेर पडायच्या तयारीत होते. एक अडलं, दुसरी घरोघरी गेली.

आता ज्यांच्यामुळे हा भाग करावासा वाटला त्या बाईंकडे येतो. प्रेमाबाई कंटक. मुंबईत शिकलेल्या. १९२९ मध्ये साबरमतीच्या आश्रमात गेल्या. गांधीजी येरवड्यात असायचे तेव्हा तिथून त्यांना पत्रं लिहायचे. ती पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. १९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम विसर्जित झाला. त्यानंतर प्रेमाबाई सासवडच्या आश्रमात आल्या, मुळशीच्या सत्याग्रहातल्या त्याच शंकरराव देवांबरोबर. सासवड पुरंदर तालुक्यात, आमच्यापासून पुण्याच्या पलीकडच्या अंगाला.

सूतकताईला यज्ञ मानणाऱ्या जगात वाढलेल्या या बाईंनी कादंबरी लिहिली. ‘काम आणि कामिनी’. नाव पुन्हा वाचा. ‘सत्याग्रही महाराष्ट्र’ हे त्यांचं पुस्तक कोणालाही अपेक्षित वाटेल, कार्यकर्तीने चळवळीचा इतिहास लिहावा हे रीतीला धरून आहे. पण कादंबरी? १६० तारांचा हिशेब देता येतो, वहीत नोंदवता येतो. कादंबरीच्या पानांसाठी त्या वहीत रकाना नव्हता. देशाला तिचा उपयोग काय, हे वारांमध्ये सांगता येत नाही. तरी ती लिहिली गेली. मला प्रेमाबाईंचं धाडस तुरुंगवासापेक्षा इथे जास्त दिसतं. तुरुंगात जायला अख्खी चळवळ बरोबर होती. कादंबरीला कोणाची साथ असते?

सानेगुरुजींच्या बाबतीत याचंच दुसरं रूप दिसतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. हे उपयोगाचं लेखन, त्यावर कोणाची हरकत नसावी. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. दिवसा तुरुंगाचं काम, लेखन रात्री. पुस्तकाची रचनाही तशीच आहे: आश्रमातली मंडळी दिवसभराची कामं आटोपून बसतात आणि श्याम गोष्ट सांगतो. प्रकरण म्हणत नाहीत, ‘रात्र’ म्हणतात. गोष्टीला जागा मिळते ती काम संपल्यावर. (या पुस्तकावर १९५३ मध्ये सिनेमा काढला आचार्य अत्र्यांनी, आणि ते सासवडजवळच्या कोडीतचे. विषयाशी संबंध नाही, पण राहवलं नाही.)

मग विणकाम? दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे मिशनरी आणि मडमांबरोबर आलं, मुलींच्या शाळांत शिरलं आणि मध्यमवर्गी घरात स्थिरावलं. पुण्याच्या थंडीला खरं तर एका शालीत भागतं. तरी बाळाची टोपडी, मोजे, स्वेटर हे सगळं झालंच. बायकांच्या मासिकांत कथेच्या आगेमागे विणीचे नमुने छापून यायचे: दोन सुलट, दोन उलट, फुलीपासून पुन्हा. हा चक्क लूप आहे, आणि आमच्या आज्यांनी तो कोणत्याही डिग्रीशिवाय चालवला. १९६२ च्या चीन युद्धात जवानांसाठी स्वेटर विणले गेले तेव्हा या कामाला थोडा काळ राष्ट्रीय मान मिळाला. चरख्याला मिळाला होता तसा. म्हणजे पुन्हा उपयोग सिद्ध झाला तेव्हाच.

माझी आजी सांगायची की हातात पुस्तक दिसलं की सुनेला लगेच काहीतरी काम सुचवलं जायचं. हातात सुया असल्या की नाही. म्हणून ती रेडिओवर कथा लागली की विणायला बसायची. विणीचं नाव पुढे करून ती रोज अर्धा तास गोष्टीत जाऊन यायची आणि घरात कोणाला पत्ता नसायचा. स्वेटर तर व्हायचाच.

हे सगळं वाचून मला ‘मग?’चं उत्तर कोणाच्या भाषणात सापडलं नाही. कताईवर इतकं लिहिलं गेलं: यज्ञ, स्वराज्य, गरिबाचा घास. विणकामावर लिहिलं गेलं: काटकसर, माया. मजा येते, असं कोणी ठळक अक्षरात लिहून ठेवलेलं नाही. पण ज्याने कधी पेळूतून तार ओढली आहे त्याला ते माहीत असतं. डावा हात मागे जातो, पीळ भरतो, तार ताणली जाते, चातीवर गुंडाळली जाते, पुन्हा. हे चालू असताना डोकं रिकामं नसतं आणि भरलेलंही नसतं. माझ्या कथेतलं पात्र दोन आठवडे दारात उभं होतं, आत येईना. लॅपटॉपसमोर ते कधीच हललं नाही. टकळीवर चाळीसेक वार झाल्यावर ते काय बोलणार हे मला ऐकू आलं. येरवड्यात, सासवडला असं कोणाचं होत असेल का? कातण्याचा आणि लिहिण्याचा दिवस एकच होता, हात तेच होते. मला तरी वाटतं, होत असणार.

दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप पठारावरून घाटाच्या दिशेने कोकणाकडे निघतात. गेल्या वर्षी अशाच एका मुक्कामावरून मी काळी लोकर आणली. देणाऱ्या आजींनी विचारलं, ‘घोंगडी करणार का रं?’ म्हटलं, ‘नाही, जमेल ते विणणार.’ त्यांनी माझं सूत बोटांत घेऊन पाहिलं, ‘पीळ कमी हाय’ म्हणाल्या, आणि टकळी माझ्या हातून घेऊन वीतभर तार काढून दाखवली. बोलणं एकीकडे चालूच, लेकीच्या सासरचं काहीतरी. त्या लोकरीची एक पिशवी झाली आहे, अर्धी लोकर अजून पिंजायची आहे, आणि कथा सातव्या पानावर आहे.

तुमच्याकडे जुन्या मासिकांचे अंक असतील, ज्यात विणीचा नमुना आणि कथा पाठीला पाठ लावून आलेत, तर त्या पानांचे फोटो जरूर पाठवा. कोणी समासात टाके मोजून ठेवले असतील तर ते आधी.