सालईचा उतार : प्रस्तावना

हिमालयात चीड वृक्ष जसा खडकाळ उतार धरून उभा असतो, तसा नाशिक जिल्ह्यात कोण उभा आहे? दख्खनच्या पठारावर चिडाच्या जातकुळीतला एकही पाइन निसर्गतः उगवत नाही, त्यामुळे उत्तर दुसऱ्याच कुळात शोधावे लागते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या डोंगरांवर ते सापडते : सालई, म्हणजे बॉस्वेलिया सेराटा. कूळ गुग्गुळाचे, पण सुगंधी राळ आणि राहणी बरीचशी चिडासारखी. मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद बनू लागला तेव्हा बांबूबरोबर सालईचेच लाकूड लगद्याला लागले. आपल्या घरी आलेल्या किती बातम्या या झाडावर छापल्या गेल्या असतील!

झाड दहा-पंधरा मीटर उंच. साल हिरवट राखाडी, पातळ पापुद्रे सुटणारी. दातेरी पर्णिकांची संयुक्त पाने फांद्यांच्या टोकाशी दाटतात आणि उन्हाळ्याआधी गळून जातात. त्या उघड्या फांद्यांवर जानेवारी ते मार्चच्या सुमारास छोटी पांढरी फुले येतात. तिधारी फळे पावसाच्या तोंडावर पिकतात.

खरा अभ्यास मात्र झाडाखालच्या जमिनीचा आहे. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये भारतीय वनांचे वर्गीकरण केले, तेव्हा सालईच्या वनाला स्वतंत्र प्रकार मानले. आणि तो ठरवला हवामानावरून नव्हे, जमिनीवरून. हे नाशिककरांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, मालेगावकडे जेमतेम पाचशे-सहाशे. पण पाऊस सारखा असला तरी पायथ्याच्या खोल मातीत साग जोर धरतो आणि वरच्या धारेवर, बेसाल्टच्या भेगांत मूठभर मुरूम असेल तिथे, सालई टिकते. तिला भरपूर ऊन हवे. सावली आणि साचलेले पाणी तिला सोसत नाही. वाढलेले झाड वणव्यात बऱ्यापैकी तग धरते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, आणि छाटलेली फांदी ओल्या जमिनीत रोवली तर मूळ धरते.

म्हणूनच उन्हाळ्यात निष्पर्ण दिसणाऱ्या डोंगराला पडीक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ते उभे, जिवंत वन असते.

तरीही काळजीचे कारण आहे. सालईला स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही. आग्या मधमाश्यांसारख्या पाहुण्यांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावा लागतो. झाडे विरळ झाली की बी घटते. उगवलेले रोपही पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वरून वाळते आणि पावसाळ्यात जाड झालेल्या मुळातून पुन्हा फुटते. त्या वर्षांत चराई आणि आग सतत आली, तर जुनी झाडे उभी राहतात आणि खाली पोर दिसत नाही. राळेसाठी साल खोलवर तासली तर झाड आणखी खचते.

वनांच्या अभ्यासात येणाऱ्यांना माझे आग्रहाचे आमंत्रण आहे. मोठी साधने लागत नाहीत. एक उतार निवडा, पावसाळ्यानंतर त्यावरची रोपे मोजून खुणा करा, मे महिन्यात वाळलेल्या शेंड्यांची नोंद घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात कोणत्या मुळातून पुन्हा फूट आली ते तपासा. अशी दहा वर्षांची नोंदवही एखाद्या महाविद्यालयात तयार झाली, तर डोंगर राखण्याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.