आगीशीं झुंजणाऱ्या सेवकांचा पूर्वेतिहास

ज्वारीची काढणी आटोपून वडूजच्या परिसरांत कडब्याच्या गंजी रचल्या म्हणजे शेतकऱ्याची वर्षभराची वैरण एका ठिणगीच्या स्वाधीन असते. आग लागली कीं शेजारीपाजारी घागरी घेऊन धांवतात. कोणास बोलवावें लागत नाहीं. परंतु संकट आल्यावर धांवणें निराळें आणि तें येण्यापूर्वीं सज्ज राहणें निराळें. ह्या दुसऱ्या सेवेचा इतिहास, प्रिय वाचकहो, मनन करण्याजोगा आहे.

रोम शहरांत ऑगस्टस बादशहानें इ. स. ६ मध्यें रात्रीच्या पहाऱ्यासाठीं व आग विझविण्यासाठीं दल उभारिलें. तें राजाज्ञेचें दल होतें. नागरिकांनीं स्वेच्छेनें काय करावें ह्याचा धडा अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरानें दिला. तेथें १७३६ मध्यें बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें स्नेह्यांसह एक अग्निशामक मंडळी स्थापिली. प्रत्येक सभासदानें चामड्याच्या बादल्या आणि सामान वांचविण्यासाठीं मजबूत पिशव्या व टोपल्या सदैव तयार ठेवाव्या, महिन्यांतून एकदां जमून विचारविनिमय करावा, आणि गैरहजर राहणारानें दंड भरावा, असा नियम होता. त्या दंडांतूनच पुढें बंब व शिड्या आल्या. एका मंडळीचें पाहून दुसऱ्या निघाल्या.

आपल्या मुंबईंत १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांतील मोठ्या आगीनें शहराचा बराच भाग भस्मसात् केला. पुढें अनेक वर्षें आगीचे बंब पोलिसांच्या देखरेखीखालीं होते. १८८७ मध्यें हें काम नगरपालिकेकडे आलें. ह्या दलाची सत्त्वपरीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजीं झाली. व्हिक्टोरिया गोदींतील 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाचे गठ्ठे आणि सुमारें १,४०० टन स्फोटकें होतीं. दुपारीं धूर दिसला. बंबवाले आले व पाण्याचा मारा करूं लागले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानें दुसरा. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

ते जवान पगारी होते हें खरें. परंतु पेटलेल्या जहाजावर पाय रोवून उभें राहण्याचें मोल कोणत्या पगारांत मावतें? धुरांत शिरल्यावर वेतनी व स्वयंसेवक हा भेद उरत नाहीं. युरोपांतील अग्निशामक ज्याला आपला आश्रयदाता मानितात, तो संत फ्लोरियन इ. स. ३०४ च्या सुमारास एन्स नदींत बुडविला गेला. त्यानेंही प्राणांपेक्षां निष्ठा मोठी मानिली.

माण-खटावचीं अनेक कुटुंबें पोटासाठीं मुंबईस गेलीं. त्या शहराचें दुःख आपणांस परकें नाहीं. बंब दूर असतो, विहीर जवळ असते. कोणत्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी टिकतें, शिडी कोणाच्या घरीं आहे, अंथरुणाला खिळलेलें माणूस कोणत्या खोलींत आहे, हें चार तरुणांनीं आधींच जाणून ठेविलें तर फिलाडेल्फियाची ती मंडळी आपल्याही गांवीं स्थापन झाली असें समजावें. शेजाऱ्यावरील प्रीति आगीच्या दिवशीं दिसते. तिची तयारी मात्र आग नसलेल्या दिवशींच करावी लागते.