एका ‘शुद्ध’ संवर्धनाचा इतिहास

मिथेन वायूची ओळख जुनी आहे. इटलीतील माज्जोरे सरोवराच्या गाळातून निघणारा ज्वलनशील वायू व्होल्टा यांनी १७७६ मध्ये गोळा केला होता. आणि मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून मिळणारा वायू वापरात आला होता. वायू हाती आला, परंतु तो निर्माण करणारा जीवाणू हाती येण्यास पुढे बराच काळ जावा लागला. ऑक्सिजनच्या अल्पशा संपर्कानेही या जीवाणूंची वाढ थांबते, हे त्याचे मुख्य कारण होय.

रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांनी अल्कोहोलपासून मिथेन होण्याच्या क्रियेचे वर्णन केले होते. कॅलिफोर्नियातील एच. ए. बार्कर यांनी तोच धागा पुढे नेऊन १९४० मध्ये ‘मिथेनोबॅक्टेरियम ओमेलियान्स्की’ शुद्ध स्वरूपात मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे पाव शतक हेच संवर्धन मिथेननिर्मितीच्या अभ्यासाचा आधार ठरले.

दरम्यान हंगेट यांनी १९५० च्या सुमारास विनॉक्सी संवर्धनाची नवी पद्धत रूढ केली. माध्यम उकळून, ऑक्सिजनविरहित वायूच्या प्रवाहाखाली नळीत भरावयाचे, त्यातील उरलासुरला ऑक्सिजन सिस्टीन वा सल्फाइडने नाहीसा करावयाचा आणि नळी फिरवून अगारचा पातळ थर आतील भिंतीवर बसवावयाचा, अशी ही रीत. माध्यमात घातलेले रिझाझुरिन गुलाबी झाले की हवा शिरली असे समजावे. उपकरण साधे, पण हाताला सवय हवी.

या पद्धतीत निष्णात असलेले ब्रायंट यांनी वोलिन व वोल्फ यांच्यासमवेत १९६७ मध्ये दाखवून दिले की, बार्कर यांचे संवर्धन एक नसून दोन जीवाणूंचे आहे. ‘एस’ हा जीवाणू अल्कोहोलपासून अॅसिटेट व हायड्रोजन तयार करतो. दुसरा तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी संयोग करून मिथेन बनवतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याची वाढ खुंटते, आणि अल्कोहोलवर दुसरा मुळीच जगत नाही. अल्कोहोलयुक्त माध्यमात दोघे एकत्र असतील तेथेच वसाहत नीट वाढणार. त्यामुळे बार्कर यांना दोष देणे उचित नाही. माध्यमच दोघांना एकत्र ठेवत होते. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवर वाढविताच मिथेनजनक जीवाणू एकटा मिळाला.

गोबर वायूच्या टाकीकडे पाहण्याची दृष्टी यामुळे बदलली. प्रोपिओनेट व ब्युटिरेट यांचे विघटनही अशाच जोडीने होते, हे पुढे सिद्ध झाले. टाकीत आम्ल का साचते याचे उत्तर बहुधा तेथेच शोधावे लागते. १९७७ मध्ये वोस व फॉक्स यांनी रायबोसोमल आरएनएच्या तुलनेवरून मिथेनजनकांना जीवाणूंपासून वेगळ्या गटात ठेवले. या लेखात त्यांना रूढीने ‘जीवाणू’ म्हटले आहे. काटेकोर अर्थाने ते आर्किया होत. बार्कर यांच्या संवर्धनातील मिथेनजनकाला १९७९ मध्ये ‘मिथेनोबॅक्टेरियम ब्रायंटाय’ हे नाव मिळाले.