पोटासाठी की हौसेसाठी?

अमेरिकेतील एखादा सैनिक नोकरी पुरी करून घरी परततो आणि समुद्राच्या तळाशी उतरण्याची विद्या शिकावी असे त्याच्या मनात येते. शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तो अर्ज करू जातो, तो त्यास उलट प्रश्न येतो: ही विद्या पोटासाठी की हौसेसाठी? वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात कृतज्ञता आहे, लबाडी आहे व थोडी लाजही आहे.

लाजेपासूनच आरंभ करणे बरे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना बोनस देण्याचा कायदा अमेरिकेने १९२४ साली केला खरा, पण ती रक्कम बहुतेकांच्या हाती पडावयाची होती १९४५ साली! मध्यंतरी मंदीचा वणवा पेटला. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार सैनिक, कित्येक तर बायकामुलांसह, राजधानी वॉशिंग्टन येथे झोपड्या घालून बसले. अखेर जनरल मॅकार्थर याच्या हुकमतीखाली फौज चालून आली, अश्रुधूर सोडण्यात आला आणि त्या झोपड्या जळून गेल्या. ज्यांनी फ्रान्सच्या खंदकांत राष्ट्राची लाज राखली, त्यांनाच राष्ट्राच्या राजधानीतून हुसकून देण्यात आले.

हे दृश्य लोक विसरले नाहीत. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, पुन्हा तसे घडू नये म्हणून माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेने पुढाकार घेतला. संघटनेच्या हॅरी कॉलमेरी नामक वकिलाने वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात बसून कायद्याचा कच्चा मसुदा हाताने लिहिला, आणि २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो ओळखला जातो. शिक्षणाच्या फीसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, आणि निर्वाहासाठी एकट्या माणसास दरमहा ५० व कुटुंबवत्सलास ७५ डॉलर अशी त्यात तरतूद होती. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांच्यासारख्या विद्वानांना भीती पडली की, आता विद्यालयांच्या धर्मशाळा होणार. ती भीती व्यर्थ ठरली. सुमारे ७८ लाख सैनिकांनी या कायद्याचा लाभ घेतला. त्यांतील सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले व तेथे त्यांनी नाव काढले. मात्र दक्षिणेकडील गोऱ्यांच्या विद्यालयांची दारे कृष्णवर्णीय सैनिकांना बंदच राहिली, हेही येथे सांगितले पाहिजे. कायद्याच्या अक्षरांत वर्णभेद नव्हता, अंमल करणाऱ्यांच्या मनात होता.

लबाडी शिरली ती दुसऱ्या दाराने. महाविद्यालयांपेक्षा कितीतरी अधिक लोक धंदेशिक्षणाकडे वळले होते, आणि फी सरकारकडून थेट शाळेला मिळत असे. जेथे मध असतो तेथे मुंग्या जमावयाच्याच. खाजगी शाळा गावोगाव निघाल्या. कोणी नृत्य शिकवी, कोणी छायाचित्रण, कोणी मद्याचे पेले भरण्याची कला, तर कोणी चक्क ‘व्यक्तिमत्त्व’ घडवून देई! हजेरीपटावर खोट्या नोंदी होत आणि साहित्याच्या किमती फुगविल्या जात. विमानविद्येचे वर्गही तुडुंब भरले. त्यांतील कित्येकांना वैमानिकाची नोकरी मुळी करावयाचीच नव्हती, आकाशात एक फेरफटका हवा होता. त्यांत सैनिकाचा दोष तो किती? चार वर्षे मरणाच्या छायेत काढलेल्या तरुणास थोडी मौज हवीशी वाटली तर नवल नाही. शाळा काढणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी.

१९४८ साली अमेरिकन काँग्रेसने या प्रकारास बांध घातला. हौसेच्या वा करमणुकीच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च होऊ नये, असे ठरले. पुढे टेक्सासचे प्रतिनिधी ओलिन टीग यांच्या समितीने या शाळांची झडती घेतली. टीग हे स्वतः युद्धात जबर जखमी झालेले गृहस्थ असल्याने त्यांच्यावर सैनिकद्वेषाचा आरोप करण्याची कोणाची छाती नव्हती. कोरियातील युद्धाच्या सैनिकांसाठी १९५२ साली जो कायदा झाला, त्यात पैसा शाळेऐवजी सैनिकाच्याच हाती देण्यात आला. आणि खाजगी शाळेच्या अभ्यासक्रमात शेकडा ८५ हून अधिक विद्यार्थी सरकारी खर्चाचे असू नयेत, असाही दंडक आला. युक्ती साधी, पण मोठी मार्मिक! ज्या विद्येसाठी पदरचा पैसा मोजणारे शंभरात पंधराही मिळत नाहीत, तिची किंमत काय असणार?

आता समुद्राकडे वळू. ज्या यंत्राने सामान्य माणसास सागरतळ मोकळा झाला, ते या कायद्याचेच समवयस्क. १९४३ साली जर्मनांच्या अमलाखालील फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदल अधिकारी व एमिल गान्यां हा अभियंता यांनी एक झडप तयार केली. पाठीवरच्या नळकांड्यातील दाबलेली हवा ती पाणबुड्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, श्वास घेईल तेव्हाच पुरवी. पण या विद्येत धोका आहे. सुमारे ३३ फूट खाली गेले की दाब दुप्पट होतो. तेथून श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसे फाटतात, आणि बराच वेळ खोल राहून घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून शिक्षण व प्रमाणपत्र यांची प्रथा पडली. १९६० साली ‘नाउई’ व १९६६ साली ‘पॅडी’ या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अमेरिकेत निघाल्या.

मग ही विद्या हौस की धंदा? पुलाचे पाये तपासणारा पाणबुड्या तिच्यावर जगतो, सुट्टीत प्रवाळ पाहणारा डॉक्टर तिच्यावर पैसे उधळतो. पहिला धडा मात्र दोघांचा जवळजवळ एकच. कायद्याने येथे विमानविद्येचा जुना न्याय लावला. १९६७ साली विमानशिक्षणाची सवलत पुन्हा सुरू झाली, तेव्हा खाजगी वैमानिकाची पायरी आधी गाठलेली असावी अशी अट होती, व पुढचा खर्चही शेकडा ९० च मिळे. त्याच न्यायाने पाणबुड्याची पहिली पायरी, म्हणजे मौजेखातर पाण्यात उतरण्यापुरते प्रमाणपत्र, सैनिकाने स्वखर्चाने चढावी; मार्गदर्शक, शिक्षक वा औद्योगिक पाणबुड्या होण्याचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल, तर त्यास सरकारी मदत मिळू शकते. २००८ साली नवा व अधिक उदार कायदा झाला, तरी हौसेवरील बंदी उठली नाही. पोहणे, गोल्फ, मासे धरणे, अश्वारोहण असल्या विषयांसाठी अर्ज आल्यास, ते आपल्या चालू वा योजिलेल्या व्यवसायास खरोखर उपयोगी पडतील हे सैनिकानेच सिद्ध करावयाचे असते.

इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांनंतर या वाटणीस न जुमानणारी माणसे पुढे आली. सुरुंगाने पाय गमावलेल्या सैनिकांना पाण्याखाली नेण्याचे उपक्रम काही धर्मादाय संस्थांनी सुरू केले. जमिनीवर ज्यास चाकांची खुर्ची लागते, तो तेथे कोणाच्या आधारावाचून वरखाली, पुढेमागे फिरतो. ही त्याची उपजीविका नव्हे, आणि तिला निव्वळ करमणूक म्हणण्यासही जीभ रेटत नाही. शिक्षणहक्काच्या अर्जात मात्र आपला व्यवसाय कोणता, एवढाच प्रश्न विचारलेला असतो. आणि हा खर्च त्या संस्था देणग्यांतून भागवितात.