१७६६३१९०४९ (संख्या)

१७६६३१९०४९ (१ अब्ज ७६ कोटी ६३ लक्ष १९ हजार ४९) ही एक विषम नैसर्गिक संख्या आहे. ६१य² + १ = क्ष² या समीकरणाच्या सर्वांत लहान धन पूर्णांक उकलीत (य = ० ही क्षुल्लक उकल वगळता) क्ष ची किंमत ही संख्या असून य ची किंमत २२६१५३९८० आहे. ही उकल भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आढळते. तो ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि'चा भाग आहे.

गुणधर्म

ही संख्या पूर्ण वर्ग नाही. तिच्या अंकांची बेरीज ४६ असल्याने तिला ३ ने भागही जात नाही. मात्र तिच्या दोन्ही शेजारी संख्या लक्षणीय आहेत. आधीची संख्या २ × २९७१८², तर नंतरची १२२ × ३८०५² आहे. तिला २२६१५३९८० ने भागल्यास ६१ चे वर्गमूळ इतके जवळून मिळते की फरक दशांशचिन्हानंतरच्या सतराव्या स्थानापर्यंत पोहोचत नाही.

६१ च्या शेजाऱ्यांशी तुलना केल्यास या संख्येचे आश्चर्य कळते. ६० साठी ३१² = ६० × ४² + १ आणि ६२ साठी ६३² = ६२ × ८² + १ एवढ्यावर काम भागते. ६१ साठी मात्र य च्या किमती एकेक करून तपासणाऱ्यास बावीस कोटींहून अधिक वर्ग करावे लागतील.

चक्रवाल रीत

प्राचीन परिभाषेत अशा समीकरणास वर्गप्रकृति म्हणतात. त्यातील ६१ ही प्रकृति, क्ष हे ज्येष्ठमूळ, य हे कनिष्ठमूळ आणि मिळवावयाची संख्या हा क्षेप. भास्कराचार्यांनी आरंभ सोप्या नात्यापासून केला: ८² = ६१ × १² + ३. येथे क्षेप ३ आहे. ८ मध्ये मिळविल्यास बेरजेला ३ ने भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल अशी संख्या ७. तिच्या साहाय्याने नवे ज्येष्ठमूळ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९, कनिष्ठमूळ (८ + ७) ÷ ३ = ५ आणि क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४ येतो. पडताळा: १५२१ = १५२५ − ४. क्षेप −४ आला की ब्रह्मगुप्तांची 'भावना' ही मुळांच्या जोड्या जोडण्याची क्रिया उपयोगी पडते. तिने प्रथम २९७१८² = ६१ × ३८०५² − १ मिळते, आणि हीच जोडी स्वतःशी जोडल्यास क्षेप १ होऊन ज्येष्ठमूळ २ × २९७१८² + १, म्हणजेच प्रस्तुत संख्या, हाती येते. हे सर्व गणित पाटीवर करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांनी ते एकदा अवश्य करून पाहावे.

श्रेयाचा प्रश्न

फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६५७ मध्ये, भास्करांचे काम ठाऊक नसताना, ६१ चेच उदाहरण समकालीनांपुढे ठेवले. पुढे ऑयलर यांच्या गैरसमजामुळे समीकरणास पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव चिकटले, जे आजही पाठ्यपुस्तकांत चालते. कोलब्रुक यांचे भास्करग्रंथांचे इंग्रजी भाषांतर १८१७ साली निघाले, तोवर ते नाव रूढ झालेले होते.

तथापि सारेच श्रेय भास्कराचार्यांना देणेही योग्य नव्हे. 'भावना' ब्रह्मगुप्तांची, ६२८ सालची; आणि चक्रवाल रीत जयदेव या गणितज्ञाच्या नावे अकराव्या शतकातील एका टीकेत नोंदलेली आहे. शिवाय ही रीत प्रत्येक वेळी उकलीपर्यंत नेतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही. अशा समीकरणांना उकल असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा उल्लेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे.